जुनं शेपटीचाकी विमान पुन्हा उडतं करायचं असेल तर

जुनं छोटं विमान बघायला गेलं की सगळे आधी नाकाशी जमतात. कुणी प्रोपेलर हाताने फिरवून बघतो, कुणी कॉकपिटमध्ये बसून फोटो काढून घेतो. तुम्ही शेपटीशी जा आणि गुडघ्यावर बसा. तिसरं चाक शेपटीखाली असलेलं हे विमान जमिनीवर नाक वर करून उभं असतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी वर्षानुवर्षं मागच्या चाकाजवळ साचतं. तिथल्या खालच्या दोन पोलादी नळ्या, म्हणजे लाँजरॉन, आतून गंजतात आणि वरचं कापड मात्र गुळगुळीत दिसत राहतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत दहा-पंधरा पावसाळे काढलेल्या विमानाचं खरं वय इथे कळतं. आणि प्रोपेलर फिरवणाऱ्यालाही थांबवा. बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर गंज असेल, तर एका फेरीत पिस्टनच्या रिंगा तो सगळीकडे खरवडत नेतात.

आपल्याकडे या जातीचं सर्वांत ओळखीचं विमान म्हणजे पुष्पक. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने, म्हणजे आजच्या एचएएलने, अमेरिकन एरोन्का चीफच्या धर्तीवर ते बांधलं आणि १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं. शेजारीशेजारी दोन आसनं, पंख डोक्यावर, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत गेली. त्याही आधी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथही याच कुळातलं: नळ्यांचा सांगाडा आणि वरून कापड. पुढे जे लिहिलंय ते या कुळातल्या बहुतेक विमानांना लागू पडतं.

आधी कागद, मग पाना

व्हीटी नोंदणी, म्हणजे विमानाची भारतीय नोंदणी, कुणाच्या नावावर आहे, ती चालू आहे की रद्द झाली, विमान, इंजिन आणि प्रोपेलर यांची लॉगबुकं आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा. लॉगबुक हरवलेलं विमान स्वस्त मिळतं आणि शेवटी महाग पडतं, कारण इंजिनाचे किती तास झाले हे सिद्ध करता आलं नाही, तर ते पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना असलेला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर पहिल्या दिवसापासून सोबत हवा. काम तुम्ही त्याच्या देखरेखीखाली कितीही केलंत तरी सही त्याची लागते, आणि झाकून टाकलेल्या कामावर कोणताही शहाणा इंजिनिअर सही करत नाही.

आता जागा. पंख उतरवल्यावर पुष्पकचा एकेक पंख साधारण पाच मीटरचा होतो. भिवंडी किंवा वसईकडे मध्यम आकाराच्या गाळ्यात धड आणि दोन्ही पंख मावतात; फक्त दार रुंद हवं आणि छत न गळणारं. पंख भिंतीला टेकवून ठेवू नका, त्यांच्यासाठी गादी लावलेला लाकडी घोडा करून घ्या. जुहूच्या हँगरात जागेचं स्वप्न बघणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तिथे आता मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात.

कापड काढा, मगच खर्चाचा अंदाज बांधा

नवा रेडिओ, नवं चाक, नवा रंग यांवर कापड उतरण्याआधी एक रुपयाही घालू नका, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो. जुनं सुती कापड नवं असताना इंचाला ८० पौंड ताण सोसतं. ते ५६ च्या खाली आलं की बाद. पण कापड पास झालं, तरी आतला सांगाडा पास झाला असं होत नाही.

कापड सावकाश कापा आणि पट्ट्या, शिवणी, झडपांच्या जागा यांचे ढीगभर फोटो काढा. जुनं कापड फेकू नका, नवं बेतताना तोच नकाशा. सांगाडा उघडा झाला की प्रत्येक नळी टोच्याने दाबत जा. चांगली नळी खणखणीत असते. गंजलेली दबते, कधी टोचा सरळ आत जातो. संशय असेल तिथे अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजून घ्या. खराब तुकडा कापून नवी क्रोममॉली, म्हणजे मिश्र पोलादाची, नळी जोडणं हे विमानाच्या वेल्डिंगचा अनुभव असलेल्या माणसाचंच काम, खिडक्यांचे ग्रिल जोडणाऱ्याचं नव्हे. जोड झाल्यावर नळीत गरम जवसाचं तेल फिरवून निथळवतात आणि भोकं बुजवतात. ही जुनी पद्धत आहे, पण आपल्या हवेला तिच्याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पंखांना आधार देणारे स्ट्रट विसरू नका. त्यांचं खालचं टोकही असंच पाणी पितं.

पंखात लाकडी स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया, असतील तर टॉर्च लाकडाला जवळजवळ समांतर धरून बघा. दाबाने पडलेली चीर समोरून दिसत नाही. तिरप्या उजेडात ती तंतूंना आडवी गेलेली बारीक रेघ म्हणून दिसते, बहुधा स्ट्रट जिथे जोडला जातो त्या पट्टीच्या कडेला. दिसली तर स्पारची गाठ इंजिनिअरशी. वर वार्निश मारून ती मिटवणाऱ्या माणसाकडून काहीही विकत घेऊ नका.

कंट्रोलच्या तारा बिनदिक्कत बदला. जुन्या ठेवण्याचा मोह टाळता येत नसेल तर तार सैल करून वाकवा आणि फडक्याने पुसत जा. तुटलेला धागा फडक्यात अडकतो. इथेच मुंबईकराची परीक्षा असते. नागदेवीला फेरी मारली तर चकाकणारे नट-बोल्ट किलोवर मिळतात, लोहार चाळीत वायर हवी तितकी. हत्यारं, घोडे, दिवे यांच्यासाठी जरूर जा. विमानाला मात्र विमानाच्या मानकाचा, सोबत प्रमाणपत्र आलेलाच बोल्ट लागतो. दिसायला सारखे असले तरी कोणता आधी तुटेल हे डोळ्यांना सांगता येत नाही.

नवं कापड कधी चढवायचं

आता सुतीऐवजी पॉलिएस्टर वापरतात. ते सैल चिकटवून इस्त्रीने आवळतात: आधी साधारण १२१ अंश सेल्सिअसला, मग शेवटचा ताण १७७ ला. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. तळाला थर्मामीटर लावून खुणा करा, कारण त्यापुढे नेलं तर कापड ताण सोडतं, आणखी पुढे वितळतं. मग कापड रिबांना, म्हणजे पंखाच्या फासळ्यांना, मेणलावल्या दोऱ्याने शिवून घ्यायचं. गाठींमधलं अंतर विमानाच्या वेगावर ठरतं आणि प्रोपेलरच्या झोतातल्या भागात ते कमी लागतं. त्यावर थर, त्यातला एक ॲल्युमिनियमच्या पुडीचा, चंदेरी. तो शोभेसाठी नाही. ऊन कापड खातं, ते हा थर अडवतो.

डोप, म्हणजे कापडावर मारायचा लेप, मारणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर पांढुरका पडतो. मी उतावीळपणे जूनच्या शेवटी एका रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, हात मारला, ‘पाऊस जरा थांबलाय’ म्हणून. संध्याकाळपर्यंत रडर साखरेचा मुलामा दिल्यासारखा झाला होता आणि तो सगळा खरवडून काढायला आठवडा गेला. नायट्रेट डोप भयंकर पेटतं हेही लक्षात ठेवा. गाळ्यात वेल्डिंग आणि डोप एकाच दिवशी नको.

इंजिनाचं थोडक्यात: प्लग काढा, सिलिंडरमध्ये कॅमेरा घाला, तेल घाला, मग हाताने हळू फिरवा. गंज दिसला तर उघडा. रबरी नळ्या सगळ्या नव्या, मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारी यंत्रं, तपासून घेतलेले. लाकडी प्रोपेलर असेल तर त्याच्या बोल्टांचा ताण पावसाळा संपल्यावर पुन्हा बघा. फुगलेलं लाकूड सुकलं की बोल्ट सैल पडतात.

सुधारणा, पण या क्रमाने

पहिले खांद्याचे पट्टे, सांगाड्याला नीट बांधलेले. मग डिस्क ब्रेक. मग ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन ट्रान्समीटर, कारण जुन्या १२१.५ चे संकेत उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून टिपणं बंद केलं. त्यानंतर रेडिओ वगैरे. प्रत्येक बदलाला मंजूर आराखडा लागतो, आणि पुष्पक चीफसारखं दिसतं म्हणून चीफचा मंजूर भाग त्यावर आपोआप चालत नाही. मागच्या चाकाची स्प्रिंगची पाती दबली असेल तर फिरत्या खुंटीचा कोन बदलतो आणि चाक उतरताना थडथडू लागतं. आधी पाती बदला, महागडं चाक नंतर.

शेपटीत काहीही बसवण्याआधी हा हिशेब करा. समजा, विमान उड्डाणासारखं आडवं करून तोललं: पुढच्या दोन चाकांवर मिळून ३८० किलो, मागच्यावर २०, आणि मागचं चाक पुढच्यांपासून ४.८ मीटर मागे. म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे २० गुणिले ४.८ भागिले ४००, म्हणजे २४ सेंटिमीटर. आता शेपटीत फक्त दोन किलोचा दिवा लावा, मध्य २.३ सेंटिमीटर मागे सरकतो. या जातीच्या विमानात वजनाचा मध्य चाकांच्या मागे असल्यामुळे ते जमिनीवर जरा वाकडं झालं की शेपूट पुढे यायला बघते, आणि भोवरा होऊन फिरतं. शेपूट जड करणं म्हणजे त्या भोवऱ्याला हात देणं.

पहिल्यांदा सुरू करताना

स्टार्टर नसेल तर प्रोपेलर हाताने मारावा लागतो. चाकांना लाकडी अडसर, शेपूट दोराने बांधलेली, आत ब्रेक दाबून बसलेला जाणता माणूस, आणि दोघांत ठरलेले शब्द. ‘स्विच बंद’ ऐकलं तरी प्रोपेलर जिवंत आहे असंच समजा, कारण मॅग्नेटो बंद करणारी तार तुटली की मॅग्नेटो बंद होत नाही, चालूच राहतो.

धावपट्टीवर आधी काही दिवस नुसतं चालवा, वारा नसताना. पहिलं उड्डाण या विमानांचा हात असलेल्या वैमानिकाला करू द्या, भले विमान तुमचं असो. ते परत आलं की इंजिन गरम असतानाच काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढून तेलाचे ओघळ बघा. आणि थंड झाल्यावर पुन्हा शेपटीशी बसा, मागच्या पातीचे बोल्ट पान्याने तपासा.