सिरॉसिसच्या रुग्णाला किती काळ उरलाय, हे कसं जोखायचं?

सिरॉसिसमुळे (यकृत आकसून कडक होणं) पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, किती दिवस काढतील?" तारीख सांगता येत नाही. पण "काही सांगता येत नाही" म्हणून हात वर करणंही बरोबर नाही. पुण्या-मुंबईच्या खेपा मारायच्या की नाही, शेत गहाण टाकायचं की नाही, हे बीड-हिंगोलीचं घर याच उत्तरावर ठरवतं.

आधी टप्पा ओळखा. पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ, भान हरपणं यातलं काहीच झालं नसेल तर निम्मे रुग्ण १२ वर्षांहून जास्त जगतात. यातलं एक जरी झालं तर हा काळ सुमारे २ वर्षांवर येतो. गोळ्यांना न जुमानणारं पाणी असेल तर साधारण ६ महिन्यांवर.

मग चाइल्ड-प्यू गुण काढा, म्हणजे यकृत किती बिघडलंय हे पाच गोष्टींवरून मोजा. कॅल्क्युलेटरही लागत नाही. बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) २ च्या आत १, २ ते ३ ला २, ३ च्या वर ३ गुण. अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) ३.५ च्या वर १, २.८ ते ३.५ ला २, त्याखाली ३. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.७ च्या आत १, २.३ पर्यंत २, पुढे ३. पाणी नसेल तर १, थोडं असेल तर २, पोट तट्ट फुगलं असेल तर ३. गुंगीचंही तसंच. बेरीज १० किंवा जास्त आली की 'सी' वर्ग, म्हणजे वर्षभर जगणारे निम्म्याहून थोडे कमी.

पुढच्या ३ महिन्यांसाठी मेल्ड वापरा. हा रक्ततपासण्यांवरून कॅल्क्युलेटरने काढायचा आकडा. बिलिरुबिन ४.२, आयएनआर १.९, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.४ असेल तर २२ येतो. या पातळीला ३ महिन्यांत साधारण पाचातला एक जातो. सोडियम १२८ धरलं की तोच आकडा २७ होतो. हिशोबातून सोडियम वगळू नका.

आकडा फसतो तो बहुधा इथे: जुलाब, पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांचा जादा डोस किंवा पोटातल्या पाण्याचा संसर्ग यांनी क्रिएटिनिन चढतं. ते सावरल्यावरच पुन्हा मोजा. उलट, हातापायाच्या काड्या झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन फसवं कमी दिसतं. दारू सुटून ३ महिने झाले की कित्येकांचा आकडा उतरतो. त्याआधी आशा सोडू नका.

'सी' वर्ग, वारंवार भरती, आणि "हा ६ महिन्यांत गेला तर मला धक्का बसेल का?" याचं उत्तर 'नाही' असेल, तर पॅलिएटिव्ह उपचार (त्रास कमी करणारे) आजच सुरू करा. ते यकृत प्रत्यारोपणाच्या यादीसोबतही चालतात. लॅक्टुलोज (गुंगी टाळणारं, पोट साफ करणारं औषध) इतकंच, की दिवसाला २-३ वेळा मऊ शौचाला व्हावं. जास्त दिलं की जुलाबाने किडनी बसते. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर दर लिटरमागे ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्या. दुखण्याला पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत. डायक्लोफिनॅकची सुई नकोच. झोपेच्या गोळ्याही टाळा. शेवटच्या आठवड्यांत मिठाचं पथ्य सैल करा. अळणी वरणापायी माणूस जेवणच सोडतो.

घरच्यांशी दिवसांच्या हिशोबात बोलू नका. "वर्षं नाही, महिने" किंवा "आता आठवडे" असं सांगा. व्हेंटिलेटर हवा की घर, हे रुग्णालाच विचारा, आणि गुंगी चढण्याआधी विचारा. मुलगा ऊसतोडीला कारखान्यावर असेल तर त्याला कधी बोलावायचं, तेही त्याच बैठकीत ठरवा.