सीईटीचं पर्सेंटाइल कसं काढतात? वही-पेन घेऊन बसा

निकालाच्या दिवशी माझी भाची मोबाईल हातात धरून रडत होती आणि घरातले सगळे म्हणत होते, अगं ८५ टक्के पडलेत की, रडतेस काय! पण ते ८५ टक्के नव्हते, ८५ पर्सेंटाइल होतं, आणि हा फरक तिला माहीत होता, बाकी कुणालाच नाही. त्या संध्याकाळी वही घेऊन सगळ्यांना समजावलं, तेच इथे लिहितोय, कारण दरवर्षी कितीतरी घरांत हाच गोंधळ होतो.

आधी कच्चे मार्क काढा. एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची वगैरे प्रवेश परीक्षा, तिच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला १५० प्रश्न आणि २०० मार्क. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क म्हणजे १००, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. आन्सर की आली की लॉगिनमधून आपली उत्तरं ताडून बघा. समजा मॅथ्सचे २८ बरोबर, फिजिक्सचे २६, केमिस्ट्रीचे ३०, तर ५६ अधिक २६ अधिक ३० म्हणजे ११२. इथपर्यंत सोपं आहे.

आता हे ११२ घेऊन थेट कॉलेज शोधायला जाऊ नका, कारण परीक्षा एका दिवसात होत नाही, बऱ्याच शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो, कुणाला सोपा येतो कुणाला अवघड. म्हणून तुमची तुलना फक्त तुमच्याच शिफ्टमधल्या मुलांशी होते. हिशोब असा: तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क असलेली मुलं किती ते मोजायचं, त्याला शिफ्टमधल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं.

समजा सकाळच्या शिफ्टला १८,००० मुलं बसली आणि ११२ किंवा त्याहून कमी मार्क १५,३०० जणांना पडले. १५,३०० भागिले १८,०००, गुणिले १००, झालं ८५. दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टला पेपर अवघड गेला, बसली १८,४०० आणि ११२ पर्यंत अडकली १६,९२८, तर तिथे त्याच ११२ ला ९२ पर्सेंटाइल. मार्क तेच, आकडा वेगळा! त्यामुळे निकालाआधी व्हॉट्सअॅपवर 'इतके मार्क म्हणजे इतकं पर्सेंटाइल' असे तक्ते फिरतात ना, ते फार तर अंदाज म्हणून बघा, सगळ्या शिफ्टना एकच तक्ता लागूच पडत नाही. प्रत्येक शिफ्टच्या पहिल्या मुलाला १०० मिळतात, मग त्याचे मार्क २०० पैकी १७५ का असेनात. आणि शिफ्टमधल्या सगळ्यांचे मार्क आपल्या हातात नसतात, म्हणून पक्का आकडा निकालालाच कळतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती सरासरीत. स्कोअरकार्डवर मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री असं वेगवेगळं पर्सेंटाइल असतं आणि खाली टोटलचं, मग लोक तिन्हींची बेरीज करून ३ ने भागतात आणि म्हणतात निकाल चुकला. चुकलेला नसतो. टोटलचं पर्सेंटाइल हे एकूण २०० पैकी पडलेल्या मार्कांवरून स्वतंत्र काढतात, आणि त्यात अर्धे मार्क मॅथ्सचे असतात, म्हणून सरासरीशी ते जुळेलच असं नाही. आकडा दशांशानंतर ७ घरं देतात ते एकसारखे आकडे कमी यावेत म्हणून, तरी दोघांचं सेम आलं तर मेरिटमध्ये आधी मॅथ्सचं पर्सेंटाइल बघतात.

सरकारी भरतीतलं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणणं) याच्याशी मिसळू नका बरं का. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० मार्कांच्या पेपरला नॉर्मलायझेशननंतर २१४ पर्यंत मार्क गेले होते आणि लोक चक्रावले होते, पण ती पद्धत मार्कच वरखाली करते. पर्सेंटाइल १०० च्या वर जाऊच शकत नाही.

शेवटी आपला नंबर काढा. १०० मधून पर्सेंटाइल वजा करा, म्हणजे दर १०० मुलांमागे तुमच्या पुढे किती ते कळतं. ९७ असेल तर ३, आणि ३ लाख मुलं बसली असतील तर साधारण ९,००० जण पुढे. मग मागच्या वर्षीच्या कॅप राउंडची (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीची) कटऑफ पीडीएफ उघडा, तिथे वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतं. आपल्या कॅटेगरीचाच रकाना बघा, आणि फक्त पहिल्या राउंडवर थांबू नका, पुढच्या राउंडच्या पीडीएफ पण उघडा. भाचीला तिच्या आवडीची ब्रँच तिसऱ्या राउंडच्या यादीत ८४ ला बंद झालेली सापडली, तेव्हा कुठे तिने डोळे पुसले आणि ऑप्शन फॉर्मची, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची यादी लिहायला घेतली.