गुडघे दुखणाऱ्या आईंना घेऊन क्रूझला जाताना

सांगलीत विश्रामबागला माझं मेडिकलचं दुकान आहे. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या बायका हल्ली काउंटरवर हमखास विचारतात, "सासूबाईंना बोटीवर कसं काय नेलंत हो?" त्यांच्याही घरात सत्तरी ओलांडलेलं, गुडघे गेलेलं कुणीतरी असतं. सहलीचा विषय निघाला की ते माणूस आधीच सांगून टाकतं, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." गिऱ्हाईक उभं असताना पाच मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढलं.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ७८ वर्षांच्या. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आणि इन्शुलिन चालू. आम्ही त्यांना दोनदा नेलं, आधी मुंबई-गोवा आणि नंतर लक्षद्वीप. बसच्या सहलीत रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा, रोज पायऱ्या चढा, यात त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. क्रूझवर खोली शेवटपर्यंत एकच असते. रात्री झोपायचं आणि सकाळी उठून दुसरं बंदर बघायचं. मजल्यामजल्यावर जायला लिफ्ट, जेवण तिथंच, आणि दमल्या की पाच मिनिटांत आपल्या पलंगावर. पण यातली निम्मी सोय बुकिंगच्या वेळी मागून घ्यावी लागते.

पहिलं म्हणजे केबिन. बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची असे साधारण तीन प्रकार असतात. बिनखिडकीची स्वस्त पडते, आम्ही पहिल्यांदा तीच घेतली. दिवा मालवला की आत मिट्ट काळोख. पहाटे चार वाजता आई बाथरूमला जायला उठल्या, त्यांना दिशाच कळेना. मी जागी झाले तेव्हा त्या भिंत चाचपत उभ्या होत्या. तेव्हापासून मी सेलवर चालणारा छोटा दिवा सोबत ठेवते. पैसे थोडे जास्त गेले तरी वयस्कर माणसासाठी खिडकीची केबिन घ्या. दिवस आहे की रात्र एवढं कळलं तरी त्यांना बरं वाटतं.

केबिन बोटीच्या मधोमध आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागा. एसटीच्या मागच्या सीटवरचा माणूस किती उडतो आणि मधल्या सीटवरचा किती, हे आपल्याला माहीत आहेच, बोटीचंही तसंच. पुढचं आणि मागचं टोक जास्त हलतं, वरचे मजले जास्त डुलतात. त्यातही लिफ्टजवळची मिळाली तर बघा, कारण बोटीवरच्या बोळकांड्या लांबच लांब असतात. बाथरूमच्या दाराला बहुतेक उंबरा असतो आणि गुडघेदुखीच्या माणसाची ठेच तिथंच लागते. व्हीलचेअर आत जाईल अशा रुंद दाराच्या, बिनउंबऱ्याच्या केबिन असतात, पण मोजक्याच, आणि त्या लवकर जातात. व्हीलचेअर लागणार असेल तर एजंटला फोनवर सांगून भागत नाही, ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

महिना निवडताना मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांगेन. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि मार्चनंतर डेकवरचं ऊन म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही.

मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. पहिल्या वेळी आम्ही पहाटे गाडी काढली, आठ-नऊ तास हातात आहेत म्हणून निवांत होतो. खंबाटकी घाटात कंटेनर बंद पडला आणि दोन तास जागचे हललो नाही. आईंची इन्शुलिनची वेळ झालेली, समोर नाष्टा नाही, आणि मिस्टर सारखे घड्याळ बघत होते. पोचलो तेव्हा चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. बोट सुटायच्या दीड-दोन तास आधी चेक-इन बंद करतात, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या वेळी दोन रात्री आधीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली, सकाळी सीएसएमटीला उतरलो, जवळच एक खोली घेऊन आईंना दिवसभर झोपू दिलं आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीने दहा मिनिटांत धक्क्यावर. टॅक्सीवाल्याला बॅलार्ड पिअर असं नाव घेऊन सांगा. नुसतं "बोटीला जायचंय" म्हटलं तर तो भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला नेऊन सोडेल. तिथून रेवस, मांडवा, एलिफंटाच्या लाँच सुटतात. आणि निघण्याआधी तिकिटावरचं टर्मिनलचं नाव पुन्हा एकदा वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुंबई-गोव्याला आधारसारखं ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेशाचा परवाना लागतो, त्यामुळे कंपनी आधी कागद मागते. ते वेळेत द्या. सिंगापूरहून क्रूझ घेणार असाल तर पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशाचा हवा, कारण तुम्ही बोटीने देश सोडून पुन्हा तिथंच परत येता.

आता औषधं. इथं मी जरा थांबणार आहे, कारण रोज माझ्या हातातून जाणारा हाच माल आहे.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि नंतर केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. हे "नंतर" म्हणजे कधी कधी पाच-सहा तास. त्यामुळे औषधाचा एक कणही त्या बॅगेत टाकू नका. मी एक कापडी पिशवी शिवून घेतली आहे, ती आईंच्या नाहीतर माझ्या खांद्याला असते. तिच्यात सहलीच्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्तीच्या गोळ्या, ग्लुकोमीटर, पट्ट्या, इन्शुलिनचं पेन, सुया, खडीसाखर, बिस्किटाचा पुडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. बोटीवरच्या डॉक्टरला आपल्याकडची ब्रँडची नावं माहीत असतीलच असं नाही. गोळ्या पाकिटातच ठेवा, डबीत सुट्या काढून भरू नका, नाहीतर तपासणीत कुठली गोळी कशाची हे सांगत बसावं लागतं.

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा नुसता गारवा धरतो, तेवढा थंड होत नाही. आम्ही पहिल्याच दिवशी बोटीच्या दवाखान्यात विचारलं, त्यांनी नाव लिहून त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतलं. वापरातलं पेन बाहेर राहू शकतं, किती दिवस ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, खोली आवरणाऱ्या पोराच्या हाताला टोचतील. मागितलं की सुयांसाठी वेगळा डबा देतात.

आणि इन्शुलिन टोचण्याआधी जेवण पुढ्यात आहे का ते बघा. बोटीवर रांग असते, जेवणाच्या पाळ्या असतात. एकदा केबिनमध्येच टोचून निघालो, लिफ्टला गर्दी होती, वर जाऊन बघतो तर बुफेला रांग. आईंना घाम फुटला, हात थरथरायला लागला. पिशवीतली खडीसाखर तोंडात टाकली तेव्हा कुठं दहा-पंधरा मिनिटांत सावरल्या. तेव्हापासून आम्ही ताट समोर आल्यावरच टोचतो.

बोट लागण्याचं म्हणाल तर त्याचं कारण पोटात नसतं. आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना खोली स्थिर दिसते, त्या दोघांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. म्हणून केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसा. पोट रिकामं ठेवू नका, तसंच तड लागेपर्यंत खाऊही नका. आलेपाकाची वडी चघळली की पुष्कळांना बरं वाटतं, पण मधुमेह असेल तर साध्या आल्याचा तुकडा. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, ओकाऱ्या लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते. काचबिंदू किंवा लघवीची तक्रार असलेल्या वयस्कर माणसाला ती विचारल्याशिवाय देऊ नका. गुंगीत उठून तोल जातो.

बोट सुटायच्या आधी सुरक्षिततेची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की कार्डावर लिहिलेल्या जमण्याच्या जागी जायचं. पुष्कळ लोक त्या वेळी फोटो काढत फिरतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम झाला.

आमच्या आईंना हे सांगायची गरज पडली नाही. आमचं जुनं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आईंना पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरवलं होतं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. क्रूझवरच्या मुलीने जॅकेट दाखवायला हातात धरलं तेव्हा आईंनी ते मागून घेतलं, नऊवारीवर चढवलं, पट्टा ओढून बघितला आणि मला म्हणाल्या, "हे तेव्हा असतं तर." मग आमच्या जमण्याच्या जागेपासून केबिनपर्यंत त्या काठी टेकत जिन्यानेच चालून आल्या. आगीच्या वेळी लिफ्ट बंद असते, म्हणून किती पायऱ्या आहेत ते त्यांना मोजायचं होतं. बावीस भरल्या. तुमच्यासोबत चालू न शकणारं माणूस असेल तर त्यांना न्यायला कोण येणार, हे कवायतीच्या वेळीच तिथल्या माणसाला विचारा. त्यांच्याकडे अशा प्रवाशांची यादी असते, त्यात नाव घालून घ्या.

इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात, आगीची भीती. देवपूजेला बसणाऱ्यांनी छोटी तसबीर न्यावी, निरांजन घरी ठेवावं. केबिनच्या भिंती बऱ्याचदा लोखंडी असतात, चुंबकाचे हुक नेले तर पिशव्या, टॉवेल, काठी सगळं टांगता येतं आणि वाटेत काही पडून राहत नाही.

घरचं जेवण सहसा नेऊ देत नाहीत. सीलबंद पुडे चालतात का ते आधी विचारा. आम्ही भडंग आणि तासगावचे बेदाणे नेले होते, कुणी अडवलं नाही. शाकाहारी, जैन जेवण मिळतं, पण बुकिंगमध्येच नोंदवा. उपवास असेल तर आदल्या रात्री वाढणाऱ्याला सांगा. आईंच्या एकादशीला त्यांनी उकडलेले बटाटे, दूध आणि पपई आणून दिली. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. बोटीवर जुलाब-उलट्यांचा जो विषाणू पसरतो, तो नुसत्या सॅनिटायझरने नीट जात नाही.

बंदरावर उतरताना दोन गोष्टी बघा. बोट धक्क्याला लागते की समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात? लक्षद्वीपला दुसरा प्रकार होता. छोटी बोट खालीवर होत असते, त्यात नेमका पाय टाकायचा. आईंना ते जमण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्यासोबत थांबले आणि मोकळ्या डेकवर आम्ही दोघींनी ते निळं पाणी दुपारभर बघितलं. उतरलंच पाहिजे असं काही नसतं. गोव्यात मुरगावला बोट धक्क्याला लागली, तिथून टॅक्सीने मंगेशीचं दर्शन घडवलं. परतायची जी वेळ सांगतात, त्याच्या तासभर आधी या. स्वतंत्र फिरायला गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. परदेशी क्रूझवर घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा. थायलंड आणि सिंगापूरमध्ये एक तासाचा फरक आहे.

धक्का सोडला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. बोटीचं उपग्रहाचं नेटवर्क आपोआप पकडलं तर बिल हजारांत येतं. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. बोटीवर रोख चालत नाही, सगळं कार्डावर लिहिलं जातं. सेवाशुल्क आणि डॉक्टरची फीसुद्धा. शेवटच्या रात्रीच बिल बघून घ्या, सकाळी काउंटरला रांग असते. आमच्या बिलात दुसऱ्या कुणाची तरी दोन सरबतं लागली होती, रात्री सांगितल्यावर लगेच वजा केली.

मोठ्या बॅगा त्याच रात्री दाराबाहेर ठेवायला लावतात. त्याआधी सकाळचे कपडे, चप्पल आणि सकाळचा डोस बाजूला काढलाय का ते बघा. व्हीलचेअरवाल्यांना उतरायची वेगळी वेळ देतात, ती विचारून घ्या. उतरल्यावरही दिवसभर जमीन डुलल्यासारखी वाटते, तेव्हा हात सोडू नका. रात्रीची महालक्ष्मी सुटेपर्यंत मी आईंना प्रतीक्षालयात आडवं केलं होतं, आणि त्या डोळे मिटूनच विचारत होत्या, "अजून हलतंय गं, उतरलोय ना आपण?"