जवळ वीज पडल्यावर गाडीचं इलेक्ट्रिकल बिघडलं, तर फॉल्ट कुठून शोधायचा

वीज गाडीवर पडली नाही, शेजारच्या झाडावर किंवा खांबावर पडली, आणि तेव्हापासून डॅशबोर्डच्या मीटरवरचे दिवे ख्रिसमस ट्रीसारखे पेटलेत. अशा वेळी 'ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. बहुतेकदा तो गेलेला नसतो. गेलेली असते त्याच्याशी बोलणारी एखादी वायर, एखादा सेन्सर, किंवा सगळं नेटवर्क खाली ओढून बसलेलं भलतंच मॉड्यूल, म्हणजे गाडीतला दुसराच एखादा छोटा कॉम्प्युटर. म्हणून पार्ट बदलण्याआधी झटका गाडीत कुठल्या वाटेने शिरला ते शोधायचं.

शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच बॉनेट उघडा. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वायरींना हातच लावू नका; ते काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्यांचं.

झटका शिरतो कसा

विजेचा प्रवाह हजारो अँपिअरचा असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत टोकाला पोहोचतो. इतक्या वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र आसपासच्या प्रत्येक लांब वायरीत व्होल्टेज उभं करतं. वायर जितकी लांब आणि तिचा वेढा जितका मोठा, तितका झटका मोठा. गाडीचा पत्रा बराच बचाव करतो, पण पत्र्याबाहेर किंवा प्लास्टिकमागे असलेल्या गोष्टी उघड्या पडतात: छतावरची अँटेना, मागच्या काचेतल्या तारा, बंपरमधले पार्किंग सेन्सर, कॅमेरा, रडार, चाकापाशी जाणारे एबीएसचे सेन्सर, ट्रेलरचं सॉकेट.

बारा व्होल्टच्या मुख्य लाइनवर बॅटरी बसलेली असते आणि ती झटका बऱ्यापैकी पचवते. सिग्नलच्या बारीक वायरींना असा आधार नसतो, म्हणून आधी सेन्सर आणि नेटवर्कचे चिप मरतात. आणि फ्यूज? फ्यूज वितळायला मिलिसेकंद लागतात, झटका त्याआधीच काम उरकून गेलेला असतो. सगळे फ्यूज शाबूत आहेत म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स शाबूत आहे, असं धरून चालू नका.

त्या वेळी गाडी चार्जरला किंवा बॅटरी मेंटेनरला लावलेली होती का, हे सर्वात आधी विचारा. होती, तर झटका घरच्या वीजवाहिनीतून आला असण्याची शक्यता जास्त. मग तपास चार्जर, चार्जिंग पोर्ट आणि ऑनबोर्ड चार्जरपासून सुरू होतो.

बॅटरीची तार काढण्याआधी

अँटेनाचं बूड, छताच्या कडा, रिम आणि टायरच्या बाजू उजेडात बघा. रंगावर करपलेले ठिपके, रिमवर वितळल्याचा खड्डा किंवा टायरला बारीक भोक दिसलं, तर वीज जवळ नाही, थेट गाडीवर पडली आहे. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या. टायर वरून ठीक दिसला तरी आतल्या तारांपाशी फुटलेला असू शकतो. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. विम्याचा दावा करायचा असेल तर दुरुस्तीआधीचे फोटोच कामाला येतात.

मग स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलमधले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र, लावा. फक्त इंजिनचा नको, सगळी मॉड्यूल वाचणारा हवा. कोड लगेच पुसू नका, पूर्ण यादी जपून ठेवा. बॅटरीची तार काढली की काही गाड्यांमधले कोड आणि त्या क्षणाची नोंद पुसली जाते, आणि गेलेला पुरावा परत येत नाही.

हा पाऊस तर नाही ना

वादळात वीज पडते तसा पाऊसही पडतो, आणि 'विजेने गेली' म्हणून आलेल्या गाडीत पाणीच सापडतं असं वरचेवर होतं. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून खालच्या बाजूला ओल किंवा हिरवट-पांढरा गंज आहे का बघा. पुढच्या सीटखालचं कार्पेट दाबून बघा. अनेक गाड्यांत मॉड्यूल आणि जोड तिथेच असतात. फॉल्ट कधी येतो, कधी जातो आणि उन्हात सुकल्यावर कमी होतो, असं असेल तर पाण्याचा संशय पक्का. झटक्याने मेलेली चिप सुकून जिवंत होत नाही.

बॅटरी, अर्थ, अल्टरनेटर

बॅटरी उतरलेली असेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल एकमेकांबद्दल तक्रारीचे कोड टाकतात आणि यादी वीस-पंचवीसवर जाते. गाडी काही तास बंद असताना मल्टीमीटरने मोजा: १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरली असेल तर पूर्ण चार्ज करा, कोडची यादी जपलेली आहे याची खात्री करून कोड पुसा, गाडी चालू करून पुन्हा स्कॅन करा. जे परत आले तेवढेच खरे.

सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. त्याच वेळी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी सैल, गंजलेली किंवा जळालेली आहे. हेच बॉडीच्या अर्थलाही करा, दिवे आणि पंखा चालू ठेवून.

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट हवेत. नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर मधूनच कमी देतो, त्यामुळे हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजा. मग मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि तिथेच मोजा. ०.१ च्या खाली ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचे डायोड फुटलेले आहेत. या फॉल्टमध्ये चार्जिंग वरवर बरोबर दिसतं, पण रेडिओत गुणगुण येते, सेन्सरचे सिग्नल बिघडतात आणि रात्रीत बॅटरी उतरते.

गाडी साफ मेली असेल, एकही दिवा लागत नसेल, तर मुख्य फ्यूज बघा. नुसतं डोळ्यांनी नाही. मीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन फ्यूजच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने लावा. एकीकडे बारा आणि दुसरीकडे शून्य म्हणजे फ्यूज उडालाय.

एखाद्या मॉड्यूलचा फ्यूज नवा घातल्याक्षणी उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा घालून बघण्याचा मोह आवरा. बहुतेक मॉड्यूलमध्ये सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये झटका गिळणारा एक डायोड असतो. मोठा झटका आला की तो शॉर्ट होऊन मरतो, आणि मरताना अनेकदा मागचा बोर्ड वाचवून जातो. मॉड्यूलचा कपलर (वायरींचा प्लग) काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थ पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. एक-दोन ओहम आला तर तो डायोड गेल्याचा दाट संशय. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे हे काम होतं. आख्खं मॉड्यूल टाकायची गरज नसते.

नेटवर्क: खरी मेख इथे

यू ने सुरू होणारे कोड म्हणजे मॉड्यूलचं बोलणं तुटलंय. यू०१०० इंजिनशी, यू०१२१ एबीएसशी, यू०१४० बॉडी मॉड्यूलशी, यू०१५१ एअरबॅगशी, यू०१५५ डॅशबोर्डच्या मीटरशी संपर्क नाही. यादी वाचताना 'कोण तक्रार करतंय' यापेक्षा 'सगळे कोणाबद्दल तक्रार करतायत' हे बघा. सगळ्यांचं बोट एबीएसकडे असेल, तर एबीएसचा सप्लाय, अर्थ आणि कपलर बघायचा. स्कॅनरच कुणाशी बोलू शकत नसेल, तर लाइन कुणीतरी शॉर्ट करून ठेवली आहे.

स्टिअरिंगखालचा ओबीडी पोर्ट (स्कॅनर जोडायचं सॉकेट) रुंद बाजू वर धरून बघा. वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खाली ९ ते १६. सोळाव्या पिनवर बॅटरीचे बारा व्होल्ट आणि चौथ्या-पाचव्यावर अर्थ हवं. सोळावर काही नसेल तर बहुधा फक्त पोर्टचा फ्यूज उडालाय आणि स्कॅनर उगाच बदनाम होतोय. कॅन लाइन, म्हणजे मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती, सहाव्या आणि चौदाव्या पिनवर असते, चौदावी बरोबर सहाव्याच्या खाली. पिनांमध्ये मीटरची जाड सुई खुपसू नका, पिन फाकली की नवाच फॉल्ट तयार होतो. बारीक टर्मिनल वापरा.

आता बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि ६ व १४ मध्ये रेझिस्टन्स मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना किंवा कुठल्यातरी चिपच्या आत चिकटल्यात. पोर्टच्या मागे गेटवे (पोर्ट आणि नेटवर्कमधला दुवा असलेलं मॉड्यूल) असलेल्या गाडीत हा आकडा वेगळा येऊ शकतो. तिथे गेटवेच्या पलीकडच्या कपलरवर मोजावं लागतं. मग दोन्ही पिनांचा अर्थशी रेझिस्टन्स बघा. तो काही किलो-ओहममध्ये असतो. दोन-चार ओहम दिसले तर एखाद्या मॉड्यूलची चिप आतून शॉर्ट आहे.

तार परत लावून इग्निशन ऑन केल्यावर मल्टीमीटरवर सहाव्या पिनला २.५ पेक्षा किंचित जास्त आणि चौदाव्याला किंचित कमी व्होल्ट दिसतात. दोन्हीकडे शून्य किंवा एकीकडे बारा म्हणजे शॉर्ट.

शॉर्ट कोणाचा, हे शोधायला इग्निशन बंद करा, बॅटरीची तार पुन्हा काढा, मीटर पिनांवर लावलेलं ठेवा आणि मॉड्यूलचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर आकडा जागेवर येतो, तो गुन्हेगार. इथे एक चूक हमखास होते: कपलर काढायला अवघड म्हणून नुसता फ्यूज उपटून बघतात. शॉर्ट झालेली चिप सप्लाय नसतानाही लाइन दाबूनच ठेवते, त्यामुळे फ्यूज उपटून काही सिद्ध होत नाही. सुरुवात बाहेरच्या टोकांपासून करा: ट्रेलर मॉड्यूल, पार्किंग सेन्सर, रडार, टेलिमॅटिक्सचा (गाडीला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा) डबा, रेडिओ. शेवटचे दोन थेट अँटेनाला जोडलेले असतात.

एअरबॅग मॉड्यूलला मात्र या खेळात ओढू नका. पिवळ्या कपलरवर मल्टीमीटर लावणं म्हणजे एअरबॅगमध्ये करंट सोडणं. तपासायचंच असेल तर निगेटिव्ह तार काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावं लागतं आणि निदान स्कॅनरवरच करावं लागतं.

पाच व्होल्ट आणि सेन्सर

इंजिन फिरतं पण सुरू होत नाही, पेडल दाबलं तरी उचल नाही, आणि एकदम चार-पाच सेन्सरचे कोड, सोबत पी०६४१ किंवा पी०६५१ (सेन्सरच्या सप्लायचे कोड). चार सेन्सर एकदम मरण्यापेक्षा त्यांचा सामाईक पाच व्होल्टचा सप्लाय खाली आल्याची शक्यता जास्त. इग्निशन ऑन ठेवून एका सेन्सरच्या कपलरवर तो मोजा. कमी असेल तर त्याच लाइनवरचे सेन्सर एकेक काढा. शॉर्ट झालेला निघाला की सप्लाय लगेच ५ वर येतो. सगळे काढूनही येत नसेल आणि वायरिंगही शाबूत असेल, तेव्हाच ईसीयूकडे बोट दाखवा. पी०६०६ (ईसीयूच्या प्रोसेसरचा कोड) वारंवार परत येत असेल तर तो संशय आणखी बळावतो.

इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं आणि चावीचा दिवा लुकलुकतो, तर इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. बटण-स्टार्ट गाडीत रिमोट बटणाला टेकवून सुरू करा. तसं सुरू झालं तर रिमोटची बॅटरी किंवा गाडीतला रिसीव्हर गेलाय, इंजिनचा काही दोष नाही.

रात्रीत बॅटरी उतरते

अर्धवट मेलेली चिप गाडीला झोपू देत नाही. गाडी लॉक करून पाऊण तास थांबा. उघड्या ठेवलेल्या बॉनेट आणि दाराच्या कुलपाची जीभ आधीच हाताने लावून ठेवा, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. बंद गाडीची बॅटरीवरची ओढ (करंट) साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असली तर ठीक. जास्त असेल तर फ्यूज उपटू नका, उपटून परत लावला की मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा पाऊण तास गेला. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन फ्यूजच्या वरच्या दोन उघड्या टोकांवर ठेवा. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रेझिस्टन्स सात-आठ मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून सुमारे १३० मिलिअँपिअर जातायत. शून्य दाखवणारे सोडा, आकडा दाखवणाऱ्याच्या मागे जा.

पार्ट बदलल्यावर

बदललेलं मॉड्यूल बहुधा नुसतं लावून चालत नाही. गाडीच्या नंबरशी जुळवून कोडिंग करावं लागतं, इमोबिलायझर जुळवावा लागतो. प्रोग्रॅमिंग चालू असताना स्थिर सप्लाय जोडलेला ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूलही हातचं जातं. जुन्या गाडीतून काढलेला वापरलेला ईसीयू घेण्याआधी त्याचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर जुळतंय का आणि त्याचं कुलूप उघडता येतं का, हे विचारून घ्या.

झटका बसलेला सेमिकंडक्टर आज चालतो आणि पंधरा दिवसांनी मरतो, असंही होतं. म्हणून आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पूर्ण स्कॅन करा, कोडची यादी पहिल्या यादीशी ताडून बघा. थेट वीज पडलेल्या गाडीत चाकाच्या बेअरिंगमधूनही प्रवाह गेलेला असू शकतो; ४०-५० च्या वेगाला घुमणारा आवाज येऊ लागला, तर गाडी उचलून चारही चाकं हाताने फिरवून बघा.