अर्धवेळ नोकरीचे तास आणि कॅनडाचा पीआर अर्ज: आधी काय जमवून ठेवायचं

मूल झाल्यावर सकाळच्या सत्रापुरती क्लिनिकमध्ये जाणारी फिजिओथेरपिस्ट, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक, सासूबाईंच्या आजारपणात अर्धा दिवस ऑफिस करणारी अकाउंटंट. एक्सप्रेस एन्ट्रीचा, म्हणजे कॅनडात कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी (पीआर) ऑनलाइन अर्ज करण्याच्या पद्धतीचा, विषय निघाला की ही माणसं स्वतःच मागे सरतात. ‘आमची नोकरी पार्ट-टाइम, ती कोण धरणार?’ असं म्हणून फाइल उघडतच नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ती नोकरी धरली जाते. फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे भारतातून थेट अर्ज करणाऱ्या बहुतेकांचा मार्ग, त्याच्या नियमातच ‘एक वर्ष पूर्णवेळ किंवा तेवढ्या तासांचं अर्धवेळ काम’ अशी तरतूद आहे. घोडं अडतं ते कागदांवर. भारतात अर्धवेळ कामाच्या कागदांवर बाकी सगळं असतं, आठवड्याचे तास तेवढे नसतात.

म्हणून तयारीची सुरुवात एका कोऱ्या वहीने करा, एजंटच्या ऑफिसपासून नको. वहीत आकडा लिहा 1560. आठवड्याला 30 तास, वर्षाचे 52 आठवडे, असं हे गणित आहे आणि इतके तास झाले की एक वर्षाचा अनुभव पुरा होतो. आठवड्याला 15 तास काम केलं असेल तर त्याला 24 महिने लागतात, 20 तास केलं असेल तर 78 आठवडे म्हणजे दीड वर्ष. उलट बाजूने मात्र सूट नाही. आठवड्याला 30 च्या वरचे तास कॅनडा मोजतच नाही. दिवसा आठवड्याला 45 तासांची पूर्णवेळ नोकरी आणि संध्याकाळी आठवड्याला आठ तास शिकवणं असेल, तर संध्याकाळच्या त्या तासांनी वर्षाचा हिशेब एका दिवसानेही पुढे सरकत नाही. अशांनी अर्धवेळ कामाची कागदपत्रं गोळा करण्यात शक्ती घालवू नये.

वहीत पुढे प्रत्येक नोकरीला एक पान द्या. त्यावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार कसा मिळायचा आणि कोणत्या कागदावर हे दिसतं, एवढं लिहा. आठवणीतून लिहिलेले तास पेन्सिलने लिहा, कागदावरून घेतलेले पेनाने. पान भरल्यावर पेन्सिल किती उरली यावरून पुढचं काम कळतं. मोजणी अर्जाच्या तारखेपासून मागच्या 10 वर्षांचीच होते, हेही पानावर टिपून ठेवा. 2014 सालचं क्लिनिक कितीही आवडतं असलं तरी ते आता हिशेबाबाहेर गेलं आहे, आणि दर महिन्याला जुन्या टोकाचा एकेक महिना गळत जातो.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो, कारण महाराष्ट्रात ही संख्या मोठी आहे आणि त्यांचा हिशेब सगळ्यात अवघड. पहिली गोष्ट, तासिका म्हणजे घड्याळाचा तास असेलच असं नाही. मुंबईच्या कितीतरी कॉलेजांत लेक्चर 48 मिनिटांचं असतं. आठवड्याला 20 लेक्चर घेतली तर ते 16 तास झाले. दुसरी गोष्ट, शिकवण्याचे आठवडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षात किमान 180 दिवस म्हणजे 30 आठवडे प्रत्यक्ष अध्यापन व्हावं लागतं. तेवढेच 30 आठवडे धरले तर वर्षाचे 480 तास होतात आणि 1560 ला पोहोचायला तीन वर्षं उलटून जातात. पेपर तपासणं, नोट्स काढणं, मुलांना घेऊन प्रकल्प करणं यात गेलेले तास कॉलेज मानधनात धरत नाही, म्हणून पत्रातही सहसा लिहून देत नाही. हे अन्यायाचं आहे असं मी मनापासून मानतो, पण ज्या तासांचे पैसे मिळाले नाहीत ते तास अर्जात लिहू नका.

तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा महत्त्वाची. फेडरल स्किल्ड वर्करला किमान एक वर्षाचा अनुभव सलग हवा असतो. तासिकेची नेमणूक सत्र संपलं की संपते आणि पुढच्या वर्षी नवा आदेश येतो, तोही उशिरा. मधल्या महिन्यांत नोकरी कागदावर नसतेच. तेव्हा सगळे नेमणूक आदेश तारखांप्रमाणे लावा आणि कुठे खंड पडतो ते लाल पेनाने दाखवा. खंडाच्या त्या महिन्यांत दुसऱ्या कॉलेजात त्याच विषयाचं, त्याच दर्जाचं काम चालू असेल तर तो दुवा सोन्यासारखा आहे, त्याचा कागद आधी मिळवा. दुवा नसेल तर खंड लपवू नका. दोन नेमणुका जोडून एकच लांब नोकरी दाखवण्याचा सल्ला देणारे लोक भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं.

तास आणि तारखा लागल्या की मग व्यवसायाचा क्रमांक. कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, ज्याला सगळे एनओसी म्हणतात, प्रत्येक कामाला पाच आकडी क्रमांक आहे. 16 नोव्हेंबर 2022 पासून एक्सप्रेस एन्ट्रीत 2021 ची आवृत्ती चालते आणि तीत टिअर (कामाला लागणारं शिक्षण-प्रशिक्षण पाहून पाडलेल्या पायऱ्या) 0, 1, 2 आणि 3 मधली कामं कुशल धरतात. पहिलं सलग वर्ष एकाच क्रमांकाखाली भरायला हवं. दोन नोकऱ्यांचे तास एकत्र करता येतात, पण काम एकच असेल तर. फिजिओथेरपिस्टचं सोपं आहे. सकाळी धर्मादाय रुग्णालयात आठवड्याला 12 तास आणि संध्याकाळी खासगी क्लिनिकमध्ये आठवड्याला 10 तास, दोन्ही 31202 खालीच येतात, बेरीज 22.

प्राध्यापकांनी मात्र जपून बेरीज करावी. आपल्याकडे एकाच आवारात सकाळी ज्युनिअर कॉलेज आणि दुपारी सीनिअर कॉलेज असं शिकवणारे पुष्कळ आहेत. कॅनडाच्या लेखी अकरावी-बारावीला शिकवणं हे माध्यमिक शाळेच्या शिक्षकाचं काम, क्रमांक 41220. पदवीच्या वर्गाला शिकवणं हे विद्यापीठातल्या अध्यापकाचं, 41200. तंत्रनिकेतन किंवा व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थेत शिकवणाऱ्यांचा 41210 हा आणखी वेगळा. आठवड्यातले सकाळचे नऊ तास आणि दुपारचे नऊ तास मिळून अठरा होत नाहीत, नऊ-नऊच राहतात. ज्या बाजूचे तास जास्त आणि कागद पक्के, ती बाजू मुख्य धरा. पदाच्या नावावरून क्रमांक निवडू नका. त्या क्रमांकाखाली दिलेली कामांची यादी वाचा आणि त्यातली बहुतेक कामं तुम्ही खरोखर केली आहेत का ते पाहा.

आता अनुभवाचं पत्र. साऱ्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ याला द्या. आपल्याकडचं नेहमीचं प्रमाणपत्र तीन ओळींचं असतं. अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे काम करत होती, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्या कागदाने अर्धवेळ उमेदवाराचं काहीच सिद्ध होत नाही. कॅनडाला हवं असलेलं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर असतं. त्यात तुमचं नाव, संस्थेचा पत्ता, फोन आणि ईमेल, प्रत्येक पद आणि त्याच्या तारखा, त्या पदावर काय काय काम केलं, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि इतर लाभ, आणि शेवटी वरिष्ठांचं किंवा मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही असं सगळं लागतं. तास वर्षागणिक बदलले असतील तर ‘सरासरी’ म्हणून मोकळे होऊ नका. 2021-22 मध्ये 14, 2022-23 मध्ये 18 असं सत्रवार लिहून घ्या. मानधन तासिकेवर असेल तर तासिकेचा दर, लेक्चर किती मिनिटांचं आणि वर्षात एकूण किती रक्कम दिली, हे तिन्ही येऊ द्या.

पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. ऑफिसातल्या क्लार्कला इमिग्रेशनचे नियम ठाऊक असण्याचं कारण नाही आणि प्राचार्यांना वेळ नसतो. मसुद्यासोबत वेळापत्रक आणि हजेरीपटाची झेरॉक्स जोडलीत तर सही करणाऱ्यालाही भीती वाटत नाही, कारण आकडे त्यांच्याच दप्तरातले असतात. कामाचं वर्णन एनओसीच्या पानावरून जसंच्या तसं उतरवू नका. ‘पोस्ट-ऑपरेटिव्ह गुडघ्याच्या रुग्णांचं मूल्यमापन करून व्यायामाचा आराखडा ठरवत असे’ हे तुमचं वाक्य आहे, ते राहू द्या. पत्र जमेल तितक्या लवकर मागा. प्राचार्य निवृत्त होतात, ट्रस्टी बदलतात, क्लिनिक विकलं जातं. कॅनडाकडून अर्ज करण्याचं निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला 60 दिवस मिळतात, आणि दिवाळीची सुट्टी त्यात आली तर कॉलेजच्या ऑफिसचं दारही उघडं सापडत नाही.

संस्था बंद पडली असेल किंवा तास लिहून द्यायला नकार देत असेल, तर नकाराचा ईमेल जपून ठेवा. मग त्या वेळच्या वरिष्ठांकडून किंवा सोबत काम केलेल्या सहकाऱ्याकडून नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र घ्या, त्याला नेमणूक आदेश, मानधनाची बिलं, बँकेतल्या नोंदी जोडा, आणि नेहमीचं पत्र का मिळालं नाही हे स्वतंत्र स्पष्टीकरणपत्रात सरळ सांगा. प्रतिज्ञापत्र एकटं उभं राहत नाही. त्याच्यामागे पैशाचा माग हवा.

पैशाचा माग म्हणजे पासबुक किंवा स्टेटमेंट, फॉर्म 16 किंवा 16अ, आणि आयकर खात्याचं 26एएस. विनावेतन सेवा आणि विनावेतन इंटर्नशिप मोजत नाहीत, त्यामुळे रोख मिळालेलं आणि कुठेच न नोंदवलेलं मानधन फारसं उपयोगी पडत नाही. फॉर्म 16 आहे की 16अ हे नीट पाहा. 16 म्हणजे पगार. 16अ म्हणजे व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापला, आणि मग अधिकारी तुम्हाला नोकरदार न मानता स्वयंरोजगारी मानू शकतो. व्हिजिटिंग डॉक्टर आणि क्लिनिकमध्ये टक्केवारीवर बसणारे थेरपिस्ट बहुधा याच गटात असतात. फेडरल स्किल्ड वर्करमध्ये स्वयंरोजगार चालतो, फक्त पुरावा वेगळा. तिथे स्वतःच स्वतःला लिहिलेलं पत्र कामाचं नाही, ज्यांना सेवा दिली त्यांनी कामाचं स्वरूप आणि दिलेली रक्कम लिहून द्यावी लागते, सोबत नोंदणी आणि उत्पन्नाचे कागद.

आधीच कॅनडात शिकायला गेलेल्यांसाठी एवढंच. कॅनेडियन एक्स्पिरिअन्स क्लास, म्हणजे कॅनडातल्या अनुभवावर अर्ज करण्याचा मार्ग, त्याला मागच्या तीन वर्षांतलं कॅनडातलं एक वर्षाचं काम लागतं, ते सलग असण्याची अट नाही, पण पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेलं काम आणि स्वयंरोजगार त्यात धरत नाहीत. नोव्हेंबर 2024 पासून विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासांची मुभा आहे म्हणून ते तास आपोआप या वर्गात जमा होतील, असं समजू नका. तेच काम कुशल गटातलं, पगारी आणि सलग असेल तर फेडरल स्किल्ड वर्करखाली मात्र मांडता येतं. कॉफीच्या दुकानातल्या काउंटरचं काम दोन्हीकडे उपयोगाचं नाही.

तास भरले म्हणजे पात्रता झाली असंही नाही. फेडरल स्किल्ड वर्करला 100 पैकी 67 गुण लागतात आणि एक वर्षाच्या अनुभवाला त्यातले 9 मिळतात. भाषेला 28 आणि शिक्षणाला 25 पर्यंत गुण आहेत. म्हणून पत्रांची वाट बघत असताना आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी आणि पदवीचं मूल्यमापन (आपली पदवी कॅनडाच्या कोणत्या शिक्षणाच्या बरोबरीची हे ठरवून घेणं) सुरू करून टाका. भाषेचा निकाल दोन वर्षं चालतो, मूल्यमापन पाच वर्षं.

शेवटी फाइल लावताना मराठीत असलेले कागद वेगळे काढा. जिल्हा परिषदेचा किंवा संस्थेचा मराठी आदेश तसाच चालणार नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत असा तिन्हींचा संच लागतो. घरातलं कुणी इंग्रजीचं प्राध्यापक असलं तरी त्यांच्याकडून करून घेऊ नका, नातेवाइकाचं भाषांतर स्वीकारत नाहीत.