रिमोल्ड टायरची वॉरंटी: पट्टा त्यांचा, केसिंग आपलं

रिमोल्ड म्हणजे घासलेल्या टायरवर नक्षीचा नवा रबरी पट्टा चढवणं. रिमोल्डवाला ‘वॉरंटी आहे हो, बिनधास्त टाका’ म्हणाला की लगेच विचारायचं, ‘कशाची?’ उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळतं. त्याने चढवलेला पट्टा आणि तो चिकटवायचं काम, एवढ्याचीच. खालचं केसिंग म्हणजे आपलाच घासलेला टायर, त्याची हमी सहसा कोणी घेत नाही. पट्टा सुटला तर क्लेम, केसिंग फुटलं तर आपलं नशीब. म्हणून टायर द्यायच्या दिवसापासून आपलं काम एकच: उद्या काही झालंच तर बिघाड पट्ट्याचा की केसिंगचा, हे दाखवता आलं पाहिजे.

आमची दहा चाकी गाडी आहे. लांज्याच्या बाजूला चिरेखाणीत जांभा भरायचा, साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे न्यायचा, येताना साखर, सिमेंट, मिळेल ते भाडं. गाडी हे स्वतः चालवतात, वही माझ्याकडे. डिझेल आणि हप्ता सोडला तर वहीत सगळ्यात जास्त खोडाखोड टायरच्या पानावर. मागे आठ टायर. ते सगळे नवे घ्यायचे म्हटलं तर भाड्यात काही उरतच नाही. रिमोल्ड नव्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात होतं. पुढच्या दोन चाकांना मात्र रिमोल्ड अजिबात नाही. घाट उतरताना पुढचा टायर गेला तर स्टेअरिंग ऐकत नाही. तिथे पैसे वाचवायचे नाहीत, यावर आमच्या घरात चर्चा बंद आहे.

टायर कधी उतरवायचा? कायद्याने ट्रकच्या टायरला निदान १.६ मिलीमीटर नक्षी लागते. पण तिथपर्यंत घासलात तर रिमोल्डला देण्यासारखं केसिंग हातात राहीलच असं नाही. आम्ही तीन-चार मिलीमीटरला उतरवतो. चिरेखाणीचा रस्ता म्हणजे नुसते टोकदार खडे; रबर पातळ झालं की खडा थेट टायरच्या आतल्या तारांपर्यंत जातो. त्यात ओलं रबर कोरड्यापेक्षा पटकन कापलं जातं, म्हणून पावसाळ्यात टायर जास्त फाटतात. मृगाच्या आधी खाणी बंद होऊ लागतात, गाडी जरा उभी राहते, तेव्हाच घासलेले टायर देऊन टाकायचे. वयही बघा. टायरच्या बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यातला. फार जुन्या केसिंगवर पैसे घालू नयेत असं माझं मत. नक्षी शिल्लक असली तरी रबर वाळलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. टायर कारखान्यात जाण्याआधी प्रत्येकाचे मोबाइलवर फोटो काढा. एक बाहेरून, कंपनीचा छापील नंबर नीट वाचता येईल असा. एक आतून, टॉर्च मारून, म्हणजे आधीची ठिगळं किती आणि कुठे ते दिसेल. एक बीडचा, म्हणजे रिमवर बसते त्या कडेचा. मग पावती. टायर न्यायला घाटावरून टेम्पो येतो आणि टेम्पोवाला पावतीवर ‘टायर ६ नग’ एवढंच लिहितो. ते चालवून घेऊ नका. एका टायरला एक ओळ, ओळीत कंपनी, साइज आणि नंबर. तो कुरकुर करतो, करू दे. केसिंगांची अदलाबदल होते. कधी गडबडीत, कधी मुद्दाम. आपला चांगला टायर जाऊन दुसऱ्याचा तीनदा रबर चढलेला टायर परत आला आणि आपल्याकडे नंबरच नसेल, तर कोणत्या तोंडाने भांडणार?

कारखान्यात काय होतं ते थोडं माहीत असू द्या. थंड पद्धतीत जुनं रबर मशीनवर खरवडतात, त्यावर कुशन गम म्हणून पातळ रबराचा थर लावतात, वर आधीच नक्षी काढून तयार असलेला पट्टा गुंडाळतात आणि चेंबरमध्ये साधारण १०० अंशांवर काही तास शिजवतात. गरम पद्धतीत कच्चं रबर चढवून टायर साच्यात घालतात, तापमान १५०च्या आसपास. थंडवाल्या पट्ट्याची दोन टोकं कुठेतरी जुळवलेली असतात. तो जोड उघडणं आणि पट्ट्याची कड उचलली जाणं, ही त्यांच्या कामातली चूक असू शकते आणि ती वॉरंटीत यायला हवी. म्हणून टायर परत आला की आधी जोड शोधा. नखाने कड उचलून बघा. नंबर आपलाच आहे ना ते पावतीवरून जुळवा. आत नवीन ठिगळ दिसलं तर ते बिलात लिहून मागा.

त्याच वेळी नक्षीची खोली मोजा. मोजायचा गेज स्वस्तात मिळतो, गाडीवाल्याच्या घरी असायलाच हवा. टायरवर तीन-चार ठिकाणी मोजायचं आणि आकडा बिलावर लिहून सही घ्यायची. कारण भरपाई पूर्ण मिळत नाही, उरलेल्या पट्ट्याच्या हिशेबाने मिळते. समजा नवा पट्टा १४ मिलीमीटर आणि तो ३वर उतरवायचा, म्हणजे वापरायची जाडी ११. सुटला तेव्हा ८.५ होता, म्हणजे ५.५ वापरायचा राहिला. रिमोल्डला ६,००० दिले असतील तर निम्मे, ३,००० तुमचे. सुरुवातीचा आकडाच कागदावर नसेल तर १४चे १६ करून तुमचा हिस्सा कमी करायला कितीसा वेळ लागतो?

टायर चढवताना जोडी जुळवा. आतला आणि बाहेरचा टायर मापाने सारखे हवेत. मोठा असतो तो सगळं ओझं घेतो आणि तापतो, छोटा नुसता घासत फरफटतो. शिंप्याची टेप घेऊन दोघांचा घेर मोजायचा. आम्ही इंचभराच्या वर फरक चालवत नाही. खाणीतून बाहेर पडलं की दोन टायरच्या मधे चिऱ्याचा तुकडा अडकलाय का बघायचं, हेही रोजचंच. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासायची. घाट उतरल्यावर नव्हे, तेव्हा तापलेल्या हवेचा आकडा फुगलेला असतो.

कोकणात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ट्यूबवाल्या टायरला खिळा लागला की पंक्चरवाला ट्यूब जोडतो, पैसे घेतो, टायर बसवतो. टायरमधलं भोक तसंच. आपला पाऊस त्या भोकातून आत जातो, तारांना गंज लागतो, आणि काही महिन्यांनी तारांचे थर एकमेकांपासून सुटतात. वरून बघणाऱ्याला वाटतं पट्टाच निघाला. असा आमचा एक क्लेम नाकारला गेला आणि तो बरोबरच नाकारला होता. गंजलेल्या तारा मीच डोळ्यांनी बघितल्या. तेव्हापासून पंक्चरवाल्यासमोर हे उभे राहून टायरचं भोकही आतून बुजवून घेतात.

दुसरा क्लेम मात्र आम्ही सोडला नाही. मागच्या हंगामात साखरप्याच्या अलीकडे मागच्या बाहेरच्या टायरचा पट्टा सुटून रस्त्यावर पडला. मी यांना फोनवर एवढंच सांगितलं, पट्टा सोडून येऊ नका. यांनी तो सगळा गोळा करून टपावर बांधून आणला. अंगणात उलटा पसरला तर हातभर लांबीची खालची बाजू नव्या रेक्झिनसारखी गुळगुळीत, चकाकती. बोट फिरवलं तर कुठे अडकेना. पुढे हळूहळू खरखरीत होत गेलेली.

हे असं वाचायचं. पट्ट्याची खालची बाजू गुळगुळीत असेल तर तो तिथे चिकटलाच नव्हता. धूळ-तेल राहिलं असेल किंवा नीट शिजला नसेल. दोष कारखान्याचा. खरखरीत, फाटलेल्या रबराचे लचके दिसत असतील तर चिकटवण्याचं काम चांगलं होतं, रबर ओढून फाटलंय. कारण दुसरीकडे शोधा. आणि पट्ट्याबरोबर तारा किंवा गंज आला असेल तर केसिंग गेलं, क्लेमचा नाद सोडा.

कारखान्यात गेल्यावर तिथला माणूस ठरलेलं वाक्य बोलला, ‘वैनी, टायरात हवाच कमी हुती, आमी काय करनार?’ याला उत्तर टायरच्या आत असतं. हवा कमी असताना टायर बराच चालला की आतल्या बाजूला गोल रेघा, सुरकुत्या पडतात, रंग निळसर होतो, रबराचा भुगा साठतो. मी म्हटलं, टायर उलगडून आतून दाखवा. आतून स्वच्छ होता. ट्यूबवरही भुगा नाही. मग ‘साहेब आले की बघतील’ सुरू झालं. साहेब आले, त्यांनी पट्ट्यावर बोट फिरवलं आणि वाद तिथे संपला. पुढचा वाद नक्षीच्या खोलीवरून. गेज त्यांनी नेमका सगळ्यात घासलेल्या खाचेत घातला. चार ठिकाणी मोजून सरासरी काढा म्हणून मी हटून बसले, आणि तसं झालं.

क्लेमचा टायर तपासायला ठेवून घेतला तर त्याचीही पावती हवी, नंबरासकट. नाकारला तर कारण कागदावर लिहून मागा आणि टायर-पट्टा दोन्ही परत आणा. पुरावा त्यांच्याकडे ठेवून घरी यायचं नाही.

एवढं करूनही दाद लागली नाही तर आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर, शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ट्रक धंद्याचा, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं समोरचा वकील म्हणेल. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वापरलेल्या वस्तूला सूट आहे. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणाऱ्याला हा मुद्दा मांडता येतो, पाच-पंचवीस गाड्यांच्या मालकाला कठीण. कारखाना घाटावर असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे लांजेकराने रत्नागिरीला. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

भरपाई बहुतेक वेळा रोख मिळत नाही, पुढच्या रिमोल्डच्या बिलातून वजा होते. त्या वजावटीची चिठ्ठी घेताना तिची मुदत बघा, आणि टायर ने-आण करायचा टेम्पोखर्च कोणाचा ते त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. आमच्या चिठ्ठीवर आधी लिहिलेला नव्हता. मी परत पाठवली, लिहून आली.