खायचा सोडा तापवून औष्णिक अपघटन कसे तपासावे

तापवलेला पदार्थ नुसता सुकला की त्याचे खरोखर अपघटन झाले, म्हणजे उष्णतेने मोडून त्याचे वेगळे पदार्थ झाले, हे पाहून सांगता येत नाही. खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तापवण्यापूर्वी पांढरा असतो आणि नंतर उरणारे सोडियम कार्बोनेटही पांढरेच असते. त्यामुळे बाहेर पडणारा वायू ओळखणे आणि घटलेले वजन मोजणे, या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. मात्र सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेऊ नये. तिच्यातील स्टार्च करपतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

आदल्या दिवशी चुन्याची निवळी करून ठेवावी. पानाला लावायचा थोडा चुना भरपूर पाण्यात ढवळून रात्रभर स्थिर ठेवावा, वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावे आणि बाटलीला घट्ट बूच लावावे, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडनेही तिच्यावर पांढरी साय धरते.

कोरड्या परीक्षानळीत चमचाभर सोडा घालून ती स्टँडला आडवी, तोंडाकडे किंचित उतार देऊन बसवावी. अपघटनात पाण्याची वाफही निघते. ती थंड भागात थेंबांच्या रूपाने जमते आणि ते थेंब मागे ओघळले, तर तापलेली काच तडकते. बुचातून काढलेल्या वाकड्या नळीचे टोक निवळीत बुडवावे, डोळ्यांना चष्मा लावावा आणि मंद ज्योत नळीखाली पुढे-मागे फिरवावी. पहिले काही बुडबुडे केवळ प्रसरण पावलेल्या हवेचे असतात, त्यांवरून निष्कर्ष काढू नये. त्यानंतर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, हीच त्या वायूची ओळख. वायू बराच वेळ जात राहिला, तर तीच पुन्हा स्वच्छ होते, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते. ज्योत काढण्याआधी नळीचे टोक निवळीतून बाहेर काढणे अत्यावश्यक आहे, नाहीतर थंड होणारी परीक्षानळी निवळी आत ओढून घेते.

वजनासाठी वेगळा नमुना घ्यावा. माझ्या मते प्रयोगाचा खरा कस इथेच लागतो, आणि नेमका हाच भाग वर्गात गाळला जातो. रिकामे बाष्पनपात्र तोलून त्यात ८.४ ग्रॅम सोडा पसरावा आणि सुरुवातीला अगदी मंद आंचेवर तापवावा, कारण घाई केल्यास निसटणाऱ्या वायूबरोबर पूडही उडते. पात्र पूर्ण थंड झाल्यावरच तोलावे. गरम पात्राभोवतीची हवा वर चढत असल्याने काटा चुकीचे वजन दाखवतो. पुन्हा तापवावे, पुन्हा तोलावे, आणि लागोपाठची दोन वजने सारखी आली की थांबावे. वजनाने सोड्याचे १६८ भाग मोडून १०६ भाग सोडियम कार्बोनेट, ४४ भाग कार्बन डायऑक्साइड आणि १८ भाग पाणी होते. म्हणून पात्रात सुमारे ५.३ ग्रॅम पूड उरायला हवी. ती जास्त भरली, तर बहुधा तापवणे अपुरे झालेले असते.

उरलेली पूड आणि मूळ सोडा वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून दोन्हींत फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, थेंब टाकावेत: सोड्याच्या द्रावणात फार तर फिकट गुलाबी छटा येते, कार्बोनेटच्या द्रावणात रंग गडद चढतो.

हीच मांडणी चुनखडीला चालत नाही, कारण तिच्या अपघटनाला साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअस तापमान टिकवून धरणारी भट्टी लागते. रंगबदल दाखवायचा असेल, तर हिरवे कॉपर कार्बोनेट घ्यावे; ते बर्नरवर सहज काळे पडते. लेड नायट्रेट मात्र वर्गात तापवू नये, त्यातून नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी, विषारी धूर निघतो.